एका ‘ने’चे तीन वाटे: सहावी ते आठवीचं इंग्रजी मराठीच्या आधारानं

सहावीतल्या मुलाला हे वाक्य इंग्रजीत लिहायला द्या: ‘रामाने चाकूने आंबा कापला आणि तो बसने सांगलीला गेला.’ यात तीन ‘ने’ आहेत. पहिला कर्त्याचा, त्याच्यासाठी इंग्रजीत काहीच लागत नाही. दुसरा हत्याराचा, त्याला ‘विथ’. तिसरा वाहनाचा, त्याला ‘बाय’. ‘रामा कट द मँगो विथ अ नाइफ अँड वेंट टू सांगली बाय बस.’ बरीच मुलं इथे ‘बाय नाइफ’ लिहितात. तो आळस नाही, मराठीच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. म्हणून चूक नुसती लाल शाईनं खोडू नका. ती मराठीच्या कुठल्या सवयीतून आली ते शेजारी लिहायला लावा. कारण कळलेली चूक लवकर सुटते.

‘बाय’बद्दल एक बारकावा त्याच दिवशी सांगून टाका. वाहनाच्या आधी ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ आलं की ‘बाय’ जातं: ‘ऑन द बस’, ‘इन माय अंकल्स कार’.

व्याकरणाच्या संज्ञांवर फार दिवस घालवायची गरज नाही. 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचाच नमुना होता. त्यामुळे नाम म्हणजे नाउन, विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह या जोड्या नीट जुळतात. शब्दयोगी अव्यय मात्र मराठीत नामाच्या नंतर चिकटतं (टेबलाखाली) आणि प्रेपोझिशन नामाच्या आधी सुटं उभं राहतं (अंडर द टेबल). शब्दाची जात ओळखताना नुसता शब्द नव्हे, वाक्यातलं त्याचं काम बघायचं. ‘वॉटर इज कोल्ड’मध्ये वॉटर नाम आहे, ‘वॉटर द प्लांट्स’मध्ये तेच क्रियापद आहे. प्रत्येक वाक्यात आधी क्रियापदाखाली रेघ ओढायची सवय लावा. ‘माझं गाव तासगाव’ हे मराठीत ‘आहे’शिवाय चालतं, म्हणून मुलं ‘माय व्हिलेज तासगाव’ लिहून मोकळी होतात. रेघ ओढायला क्रियापदच सापडलं नाही की ‘इज’ राहिल्याचं त्यांचं त्यांनाच दिसतं.

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला आपली देवनागरी फार उपयोगी पडते. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ स्वरानं सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिफॉर्म’ला सुरुवातीला ‘य’ आहे, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. ‘वन-रुपी कॉइन’ला ‘व’, म्हणून ‘अ’. आणि एस.टी.? ‘ए’ स्वर आहे, तेव्हा ‘ॲन एस.टी. बस’. व्हॉवेलची पाच अक्षरं घोकलेली मुलं नेमकी या चार ठिकाणी अडकतात.

काळांवर सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान सहामाहीपर्यंत. बारा काळांचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा पुढच्या तीन खोडी मोडल्या तर निबंधाची वही कितीतरी स्वच्छ होते.

पहिली खोड: ‘काल मी मिरजेला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू मिरज यस्टरडे’. मराठीत घडून गेलेली साधी गोष्ट सांगतानाही आपण ‘होतो’ जोडतो. इंग्रजीत ‘हॅड’ येतो तो भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधी काय झालं हे दाखवायला: ‘द बस हॅड लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टँड.’ दुसरी घटना नसेल तर सरळ ‘आय वेंट’.

दुसरी: ‘आय डिड नॉट वेंट’. ‘मी गेलो नाही’ यात भूतकाळ ‘गेलो’वर राहतो, म्हणून मूल ‘वेंट’ सोडत नाही. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’नं उचललेला असतो, मागे मूळ ‘गो’ उरतो. ‘ही डझन्ट गोज’ हीसुद्धा याच घरातली चूक. दोन्ही एकदमच शिकवा.

तिसरी: ‘मला माहीत आहे’ यातल्या ‘आहे’मुळे ‘आय ॲम नोइंग’. नो, लाइक, वॉन्ट, अंडरस्टँड, बिलाँग एवढी क्रियापदं वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. शाळेच्या पातळीवर त्यांना ‘इंग’ लावायचा नाही.

आता लेखन. रोज वीस मिनिटं, एक परिच्छेद, 60 ते 80 शब्द. विषय डोळ्यांसमोरचा असावा. सांगलीतल्या मुलाला ‘आयर्विन पुलावरून दिसणारा कृष्णेचा पूर’ द्या. इथे 45 फूट ही धोक्याची पातळी, हे त्याला घरी ऐकूनच माहीत असतं, त्यामुळे लिहायला मजकूर आयता मिळतो. पहिल्या वाक्यात विषय सांगायचा, मग तीन-चार तपशील, आणि त्यात निदान एक आकडा, एक रंग, एक आवाज. शेवटच्या वाक्यात उपदेश नको. त्या जागी दिसणारी एखादी गोष्ट हवी, घाटाच्या पायरीवर साचलेला गाळ चालेल. आधी मराठीत लिहून मग भाषांतर करायला लावू नका, वाक्यं लांबतात आणि क्रियापद शेवटी जाऊन बसतं. मुद्दे मराठीत टिपून वाक्य थेट इंग्रजीत मांडणं बरं.

तपासणी तीन फेऱ्यांत करा, एका फेरीत एकच गोष्ट. पहिली क्रियापदांची. दुसरी मोठ्या अक्षरांची: देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यानं वाक्याची सुरुवात, विशेषनामं, वारांची नावं आणि ‘आय’ हमखास राहतात. तिसरी जोडशब्दांची: ‘जरी… तरी’च्या सवयीनं ‘ऑल्दो… बट’ आणि ‘कारण… म्हणून’च्या सवयीनं ‘बिकॉज… सो’ एकाच वाक्यात येतात. दोन्हींतला एकच ठेवायचा. तिन्ही फेऱ्या मुलानंच कराव्यात, मोठ्यांनी हात घालू नये.

साहित्यातल्या संज्ञांची अर्धी तयारी मराठीच्या अलंकारांनी झालेली असते. ‘द रिव्हर इज लाइक अ मदर’ ही उपमा, म्हणजे सिमिली. ‘द रिव्हर इज अ मदर’ हे रूपक, म्हणजे मेटाफर. गोंधळ होतो तो उत्प्रेक्षेत. ‘जणू’ला आपल्याकडे वेगळा अलंकार आहे, इंग्रजीत ‘ॲज इफ’ला शाळेत सिमिलीतच धरतात, हे कोणी सांगितलं नाही तर मूल त्याचं वेगळं इंग्रजी नाव शोधत बसतं. ‘द रिव्हर स्वॉलोड द घाट’मध्ये नदी गिळते, म्हणजे चेतनगुणोक्ती: पर्सॉनिफिकेशन.

अनुप्रास, म्हणजे ॲलिटरेशन, कानानं ओळखायचा. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ रोमनमध्ये एकाच अक्षरानं सुरू होतात, पण देवनागरीत लिहिले की फरक लगेच उघडा पडतो. ‘नाइफ’ आणि ‘नोज’ रोमनमध्ये वेगळे दिसतात, ऐकायला दोन्हीकडे ‘न’. यमकालाही हीच कसोटी: ‘रफ’ आणि ‘स्टफ’ जुळतात, ‘लो’ आणि ‘काऊ’ जुळत नाहीत.

ऑनोमॅटोपिया म्हणजे आवाजावरून झालेला शब्द: बझ, हिस, स्प्लॅश. मराठीत खळखळ, कडकड, सळसळ असे ढीगभर आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

उत्तर लिहिताना अलंकाराचं नुसतं नाव पुरत नाही. नावाखाली कारणाचं एक वाक्य हवं: कशाची तुलना कशाशी झाली, किंवा निर्जीव वस्तूला माणसाचं कोणतं काम दिलं. ‘द रिव्हर इज गिव्हन द ह्यूमन ॲक्शन ऑफ स्वॉलोइंग.’ वर्गात याच साच्यात दहा ओळींचा सराव घ्या, आणि अकरावी ओळ मुलाला स्वतःच्या पुराच्या परिच्छेदातून शोधून काढायला सांगा.