गाडीचे लाइट वाढवताना या चुका टाळा

नागपूरच्या हिंगणा रोडवर एमआयडीसीची शिफ्ट सुटल्यावर रात्री स्कूटर चालवून बघा. समोरून पांढराशुभ्र लाइट टाकत गाडी येते, हेल्मेटच्या ओरखडे पडलेल्या काचेवर तो लाइट पसरतो आणि पुढचा खड्डा, रस्त्यात बसलेली गाय, टेललाइट नसलेला ट्रॅक्टर, काही म्हणता काही दिसत नाही. यातल्या कित्येक गाड्या अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, नसतातच. डिपरवरच, म्हणजे खाली वळवलेल्या झोतावर असतात, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं की आपलं सगळं बरोबर आहे. वय वाढलेल्या माणसाचे डोळे तर एकदा दिपले की सावरायला आणखी वेळ घेतात, आणि तोवर त्याची गाडी पुढे गेलेली असते.

माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं. "भाऊ, लाइट वाढवून द्या" म्हणणारे येतात, तसेच "समोरचे सारखे डिपर देऊन राहिले" म्हणणारेही येतात. दुसरी तक्रार बहुतेक वेळा पहिल्या कामातूनच आलेली असते, आणि त्यामागे त्याच त्या चुका असतात.

हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब कोंबणे

सर्वात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर बोलतो.

एच-४ हॅलोजन बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन फिलामेंट असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या (बल्बमागच्या आरशासारख्या भागाच्या) फक्त वरच्या बाजूवर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्याकडे वळतो. वाटी नसती तर रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाने तोच उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत फेकला असता. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. उजेडाचा उगम मिलिमीटरभर सरकला तरी पुढे रस्त्यावर त्याची जागा चुकते.

आता एलईडी बल्ब बघा. तारेच्या जागी दोन बाजूंना चिप्स, मध्ये पट्टी, मागे पंखा. स्वस्त बल्बात चिप्स जाड पट्टीवर असतात, म्हणजे उगम तारेच्या जागेवर नसून तिच्या दोन्ही बाजूंना सरकलेला असतो. डब्यावर लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, मोठा आकडा छापलेला असतो, पण तो उजेड जातो कुठे हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

बुटीबोरीत नोकरी करणारा एक तरुण पोरगा हॅचबॅक घेऊन आला होता. रोज रात्री वर्धा रोडने घरी यायचा. लाइट बदलल्यापासून समोरचा प्रत्येक जण त्याला डिपर मारायचा. ज्याने बल्ब लावले त्याच्याकडे तो परत गेला, तर त्याने स्क्रू फिरवून फोकस खाली करून दिला. आता समोरचे ओरडणं थोडं कमी झालं, पण याला बंपरच्या पुढे दोन-तीन गाड्यांच्या अंतरापलीकडे काही दिसेना. म्हणून मग त्याने फॉग लाइटमध्येही पांढरे एलईडी टाकले आणि ते कायम चालू ठेवले. पुन्हा सगळे डिपर मारायला लागले.

बॉनेट उघडलं. बल्बचा पंखा मागच्या रबरी टोपणात बसत नव्हता, म्हणून टोपण ब्लेडने कापलेलं. स्प्रिंगची क्लिप बल्बच्या कॉलरवर बसलीच नव्हती, केबल टायने बल्ब आवळून ठेवला होता. कॉलर फिरलेली, चिप्स तिरक्या. कापलेल्या टोपणातून पावसाळ्यात पाणी शिरून एका बाजूच्या रिफ्लेक्टरवर डाग पडलेले. गाडी भिंतीसमोर लावली तर उजेड आणि अंधार यांच्यामधली रेषा कुठेच नव्हती, नुसता पांढरा ढग. ती रेषा नसेल तर स्क्रू कितीही फिरवा, ढग फक्त वर नाहीतर खाली सरकतो. चकाकी तशीच राहते.

दोन्ही बल्ब काढले, कंपनीचे हॅलोजन लावले, क्लिप टक् आवाज होईपर्यंत बसवली, टोपणं नवीन टाकली. भिंतीवर रेषा उमटली, उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढत गेलेली. फॉगमध्येही जुने बल्ब परत बसवले. पोरगा म्हणाला, "भाऊ, हा तं पिवळा दिसून राहिला." मी म्हटलं, आज रात्री बुटीबोरीला जाऊन ये, मग बोल. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा कोणी डिपर मारला नव्हता, आणि डाव्या कडेचे बोर्ड त्याला दुरून वाचता येत होते. पांढऱ्या लाइटमध्ये गाडीजवळचा रस्ता झगझगीत दिसतो, त्या झगझगाटाला डोळे सरावतात आणि लांबचं अंधारात जातं. जवळ खूप उजेड दिसला की माणसाला वाटतं आपल्याला चांगलं दिसतंय. ही समजूत फार घातक आहे.

मी स्वतः हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी लावून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तुमच्या गाडीत ते आधीच असतील तर निदान एवढं तपासा: चिप्स डावी-उजवीकडे तोंड करून आहेत ना, म्हणजे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या दिशेला? एच-४ असेल तर डिपरच्या चिप्सखाली वाटी आहे का? क्लिप पूर्ण बसली आहे का, मागचं टोपण लागतंय का? आणि भिंतीवर स्पष्ट रेषा येते का? शेवटचं उत्तर "नाही" असेल तर बाकीच्या उत्तरांना अर्थ नाही, बल्ब काढा.

वायरिंग न तपासता बल्ब बदलणे

"कंपनीच्या लाइटमध्ये दिसतच नाही" असं सांगत आलेल्या जुन्या गाडीत मी पहिल्यांदा मल्टिमीटर काढतो. इंजिन चालू, डिपर चालू, आणि बल्बच्या कप्लरवर, म्हणजे वायर जोडायच्या सॉकेटवर, व्होल्टेज. बॅटरीवर १३.८ असताना कप्लरवर १२.४ मिळालं, तर लोकांना वाटतं दीड व्होल्टने काय होतं. हॅलोजनमध्ये फार होतं. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्के पडतो. म्हणजे दिवा चांगला आहे, त्याला पुरेसं खायला मिळत नाही एवढंच.

जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, कप्लर काळे पडलेले, अर्थचा नट गंजलेला. अर्थ पॉलिश पेपरने घासून घट्ट केला आणि बॅटरीवरून फ्यूज टाकून रिलेची (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला सोडणाऱ्या डबीची) वायरिंग केली, की त्याच ५५ वॅटच्या बल्बने माणूस खूश होतो. समोरच्याला काडीचाही त्रास नाही, कारण उजेड आपल्या जागेवरच वाढतो. या कामाला अर्धा दिवस जातो. गाडीची चावी हातात फिरवत "दहा मिनिटांत होईल का" विचारणाऱ्यांना तो अर्धा दिवस परवडत नाही, आणि ते जाऊन चकाकणारा बल्ब लावून घेतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

रिले न टाकता १०० / ९० वॅटचे बल्ब लावण्याचा जुना उद्योग अजूनही चालू आहे. त्याने कप्लर वितळतात आणि रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो. करपलेला रिफ्लेक्टर पुन्हा कधीच नीट फोकस देत नाही.

अंदाजाने फोकस सेट करणे

रस्त्यावर उभं राहून "थोडा खाली, अजून थोडा" असं फोकस सेट होत नाही. सपाट जमीन आणि सरळ भिंत लागते. सोसायटीच्या पार्किंगचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढ्यानेही सगळं चुकतं. मी गोदामाच्या भिंतीसमोर, सिमेंटच्या फरशीवर करतो.

आधी टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवा, डॅशबोर्डवरचं लेव्हलचं (हेडलाइट वर-खाली करायचं) गोल बटण ० वर आणा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि त्या उंचीवर भिंतीवर टेप लावा. गाडी १० मीटरवर असेल तर रेषेचा सपाट भाग टेपच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवा. एवढी जागा नसेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. एका वेळी एकच लाइट बघा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा. बल्ब ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर या हिशेबाने उजेड ६५ मीटरवर जमिनीला टेकतो, आणि डिपरला तेवढं पुरतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा हेडलाइटवर वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणून रेषा डावीकडे चढलेली हवी. उजवीकडे चढलेली दिसली तर ती हेडलाइट उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशासाठी बनलेली आहे. बाहेरून मागवलेल्या स्टायलिश जोड्यांमध्ये हे निघतं, आणि अशी हेडलाइट मुद्दाम समोरच्याच्या डोळ्यांवर रोखल्यासारखं काम करते. तिला सेटिंग नाही. परत करा.

लेव्हलच्या बटणाचा उलटा अर्थ

आकडा वाढवला की लाइट वाढतो, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात आकडा वाढला की लाइट खाली जातो. मागे तीन माणसं आणि डिकीत संत्र्याच्या पेट्या घेऊन काटोलहून निघालात की गाडीचं नाक वर होतं आणि डिपर अप्परसारखा लागतो. तेव्हा २ किंवा ३ करा. गाडी रिकामी झाली की परत ०.

निळसर लाइटचा सोस

लाइटचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. हॅलोजन साधारण ३२०० केल्व्हिनचा असतो, कंपनीतून येणारे झेनॉन ४३०० च्या आसपास. ६००० च्या पुढे लाइट निळा होत जातो आणि तेवढाच प्रकाश असला तरी डोळ्यांना जास्त बोचतो. हॅलोजनलाच निळा रंग चढवलेले बल्ब तर सरळ कमी उजेड देतात, कारण तो रंग उजेडच खातो. दिसायला भारी, दिसत मात्र कमी.

पिवळी पडलेली काच तशीच ठेवणे

आजची हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. नागपूरचं ऊन मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातं, गाड्या दिवसभर उन्हात उभ्या, आणि त्या उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर मरतो. धुरकट काचेतून उजेड चारी बाजूंना फुटतो. तुम्हाला अंधार, समोरच्याला चकाकी. टूथपेस्ट घासून चार दिवस चमक येते, ते काम नव्हे. ८००, १५००, २०००, ३००० अशा नंबरांच्या क्रमाने पाणी लावत वॉटर पेपर मारायचा, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही रोखणारा क्लिअर कोट. तो शेवटचा थर टाळणाऱ्यांची काच पुन्हा लवकर पिवळी पडते.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी काही

हेडलाइटवर काळी पट्टी किंवा ठिपका चिकटवून बिघडलेला फोकस सुधारत नाही. उजेड थोडा कमी होतो, चुकलेला चुकलेलाच राहतो.

बंपरवरच्या किंवा छपरावरच्या एलईडी बारला रस्त्यावर झाकण घालून ठेवा.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन किट टाकू नका. वर सांगितलेलं सगळं त्यालाही लागू, आणि उजेड कितीतरी जास्त.

प्रोजेक्टर (भिंगाचा दिवा) बसवून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, रेषा मिळवायचा तो खरा रस्ता आहे. पण हेडलाइट उघडून परत चिकटवावी लागते, त्यामुळे माणूस निवडताना त्याने मागच्या पावसाळ्यापूर्वी केलेली गाडी बघा. आत वाफ धरलेली नसावी आणि दोन्ही हेडलाइटच्या रेषेचा सपाट भाग आडवा असावा, कललेला नको.

कायद्याचं विचाराल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ याचसाठी आहे. गाडीपुढे ८ मीटरवर, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणारा लाइट चालत नाही. मापं बघा: स्कूटरवर बसलेला माणूस साधारण तिथेच असतो.

काम झालं की मी गिऱ्हाइकाला त्याची गाडी चालवू देत नाही. गाडी मी चालवतो आणि त्याला रस्त्याच्या पलीकडच्या कडेला स्कूटरवर बसवतो, मग डिपरवर त्याच्या दिशेने हळू येतो. घरी करायचं असेल तर भावाला, शेजाऱ्याला गाडी द्या आणि स्वतः समोर बसा. सस्पेंशनचं काम केलं, पुढून ठोकर लागली किंवा टायरचा साइज बदलला, तर भिंतीसमोरची सेटिंग आणि ही तपासणी दोन्ही पुन्हा करायची.