सहावी ते आठवीची ऑनलाइन संगणक चाचणी: आधी घड्याळाचा सेल बघा

संगणकाची चाचणी म्हटलं की पहिला मोह पर्यायी प्रश्नांचा होतो. गूगल फॉर्मात २० प्रश्न टाकले की काम झालं! पण ४ पर्याय असतील तर न वाचता टिक मारणाऱ्यालाही सरासरी ५ गुण मिळतात. उलट सगळे शॉर्टकट पाठ असलेला मुलगा फाइल पेनड्राइव्हवर टाकताना अडतो. आठवीच्या मुलांसाठी २०१३ पासून होणाऱ्या आयसीआयएलएस या संगणक-माहिती साक्षरतेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही मुलांकडून प्रत्यक्ष काम करून घेतात, प्रत्येकी ३० मिनिटांच्या दोन भागांत. शाळेत एवढा वेळ मिळत नाही, पण पद्धत तीच ठेवा.

एक नमुना घ्या. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांचे सात दिवसांचे काल्पनिक भाव तक्त्यात द्यायचे. मुलाने आसन क्रमांकाचा फोल्डर करायचा (१ गुण), फाइल सांगितलेल्या नावाने सेव्ह करायची (२), सूत्राने सरासरी काढायची (३), आलेख काढायचा (२) आणि फाइल जमा करायची (२). सरासरी बरोबर दिसली तरी त्या चौकटीवर क्लिक करून बघाच. आत सूत्राऐवजी नुसता आकडा असेल तर बाजूला कॅल्क्युलेटर चाललाय. तिथे १ गुण पुरे. घरी फक्त मोबाइल वापरणारी मुलं हमखास 'सेव्ह'पाशी अडकतात, कारण मोबाइलवर बरंचसं आपोआप सेव्ह होतं. राइट क्लिकही त्यांना नवा असतो. हे अज्ञान नव्हे, सवय नाही इतकंच, म्हणून चाचणीआधी दोन तास सराव द्या.

लॅबमध्ये २० संगणक असतील तर १८ वरच मुलं बसवा, दोन राखीव. ६० मुलांच्या मग तीन नाही, चार बॅचेस होतात. पहिली बॅच बाहेर पडली की व्हरांड्यात उत्तर फुटतं, म्हणून प्रत्येक बॅचला भाव वेगळे. ३५ मिनिटांच्या तासात ५ मिनिटं लॉगिनला, २५ कामाला, ५ फाइल जमा करायला.

आता यंत्रं. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे लॅब उन्हाळाभर बंद. जुन्या मदरबोर्डवरचा, संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल तोवर संपलेला असला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून साइट उघडूच देत नाही. सगळे नेटला दोष देतात! आधी तारीख बघा, सेल बदला. चाचणी ऑगस्टमध्ये घ्या. एप्रिलच्या उन्हात कूलर आणि संगणक एकाच बोर्डावर आले की गंमत संपते.

फॉर्मात फाइल जमा करायची तर गूगल खातं लागतं, आणि सहावीचं मूल १३ वर्षांचंही नसतं. शाळेची खाती नसतील तर एका संगणकावर मूडल (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्यांचं मोफत सॉफ्टवेअर) बसवून लॅबच्या लॅनवरच, म्हणजे आतल्या आत जोडलेल्या नेटवर्कवर, चाचणी घ्या. नेट गेलं तरी अडत नाही, आणि क्विझमधली उत्तरं साधारण दर मिनिटाला आपोआप जतन होतात. नावाऐवजी आसन क्रमांक वापरा. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण बालकच, म्हणून पालकांची संमती आधीच घेऊन ठेवा.

मराठीत लिहायच्या उत्तरांना आपोआप गुण देणं टाळा. 'दुसऱ्या' हा शब्द कीबोर्डानुसार दोन तऱ्हेने टाइप होतो, डोळ्याला सारखा, यंत्राला वेगळा. उत्तरसूचीत इंग्रजी अंकांतला पंचेचाळीस असेल तर मुलाचं '४५' चूक ठरतं; दोन्ही रूपं टाका. टायपिंगचा वेग तपासायचा नसेल तर लिखाण दोन ओळींपुरतंच ठेवा. कीबोर्ड बदलायला विंडोज आणि स्पेसबार, हे फळ्यावरच लिहा.

निकालानंतर ६० पैकी वरची १६ आणि खालची १६ मुलं वेगळी काढा. एखादा प्रश्न वरच्यांपैकी ६ जणांना आणि खालच्यांपैकी ९ जणांना आला असेल, तर मुलांना बोलावण्याआधी उत्तरसूची तपासा. ती बरोबर निघाली तर प्रश्नाची भाषा वाचा, बहुतेक वेळा दोन अर्थ निघत असतात. तो प्रश्न सरळ गुणांतून वगळा.