निकालानंतर त्याच गावात राहायचं कसं

४ जून २०२४ला बीडच्या लोकसभेची मतमोजणी रात्री उशिरापर्यंत चालली. बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या गिरणीच्या फळीवर अकरा डबे आले. एरवी पंचवीस-तीस असतात.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात पिठाची गिरणी चालवते. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं. कुणाच्या घरात ज्वारी आहे, कुणी रेशनचा गहू दळून खातंय, कुणाकडं पाहुणे आलेत, हे मला डब्यावरून कळतं. त्या दिवशी वरच्या गल्लीतला एकही डबा आला नाही. त्यांची पोरं मोटारसायकलवर डबे बांधून तीन किलोमीटरवरच्या गावात दळायला गेली. आरक्षणाच्या वादानं वर्षभर मनं तापलेली होतीच, मतदानानं मराठा आणि ओबीसी अशी रेघ थेट गल्लीगल्लीतून ओढली.

माझा उमेदवार जिंकला की हरला हे लिहिलं, तर निम्मी माणसं पुढचं वाचायची नाहीत. आणि मला दोन्हीकडच्यांशी बोलायचंय. त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी काय केलं, त्यातलं काय लागू पडलं, ते सांगते.

आधी स्वतःच्या दारातलं झाडून घ्या. गिरणीच्या भिंतीला एका पुढाऱ्याचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं. मी ते काढलं आणि बिनफोटोचं लावलं. तारीख बघायला फोटो लागत नाही, आणि दळण घेऊन येणाऱ्या माणसाला आत पाय टाकताना विचार करायला लागू नये. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका. मयतीची खबर, लाइटचा टाइम, पाण्याची पाळी तिथंच कळते. फक्त आवाज बंद ठेवा आणि काहीही पुढं ढकलू नका.

हे शेवटचं मी चूक करून शिकले. मतदानाच्या आधी एक ऑडिओ क्लिप फिरत होती, दुसऱ्या समाजाच्या बायकांबद्दल घाणेरडं बोललेली. मी ती "बघा काय चाललंय" असं लिहून चार जणींना पाठवली. ती फिरत फिरत वरच्या गल्लीतल्या आत्याच्या सुनेच्या फोनवर गेली, माझ्या नावासकट. आत्या म्हणजे नात्यानं कुणी नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत अंगाला तेल लावायला तीच होती.

माफी मागायची असेल तर कशी मागायची, हे जरा नीट सांगते, कारण बहुतेक जण इथंच घसरतात. मध्यस्थ नेऊ नका. सरपंच, पावणे, कुणीच नको. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला जाऊ नका. दुपारी, माणूस निवांत असतो तेव्हा जा. स्वतः काय केलं तेवढंच बोला. "तुमच्याकडच्यांनीपण असंच केलं" हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा. आणि मत कुणाला दिलं ते विचारू नका, सांगू पण नका.

मी गेले तेव्हा आत्या ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होती. मी खाली बसले. म्हणलं, "आत्या, ती क्लिप मी पाठवली. न ऐकता पाठवली. चुकलं माझं." ती काही बोलली नाही. खडा काढायची, बाजूला टाकायची. सात-आठ खडे काढले असतील. मग आत बघून सुनेला म्हणाली, "चहा ठेव गं दोन कप." तेवढंच. डबा काही दुसऱ्या दिवशी आला नाही. माफी मागितली की लगेच सगळं जागेवर येतं, अशी आशा धरू नका.

त्या आकड्याचा मी पुष्कळ विचार केला. लाखो मतांत साडेसहा हजारांचा फरक म्हणजे जवळपास निम्मं-निम्मं. तुमचा कापूस ज्याच्या टेम्पोतून जातो, तुमच्या म्हशीला रात्री बारा वाजता इंजेक्शन द्यायला जो येतो, त्यातला निम्मा तिकडचाच. १९७२च्या दुष्काळाची गोष्ट माझी आई सांगायची. खडी फोडायच्या कामावर सगळ्या गल्ल्या एका रांगेत बसायच्या आणि सुकडीही एकाच भांड्यातून वाटली जायची.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही गल्ल्यांना सारखा लागणारा एक विषय धरा आणि ग्रामसभेत न्या. विषय लहान घ्या. पुतळा, कमान, चौकाचं नाव यातलं काही घेऊ नका. आम्ही शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या तोट्या घेतल्या. चार तोट्या, चारी मोडक्या, लेकरं घरून बाटली आणायची.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सुमारास होते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदावरच होऊ देऊ नका, तारीख विचारा, जा. विषय आधी लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला. पैसा कुठं गेला ते बघायचं असेल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर आपल्या ग्रामपंचायतीचा खर्च दिसतो. तिथं उलगडलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

आमच्या अर्जावर दोन्ही गल्ल्यांतून पाच-पाच सह्या घ्यायच्या असं मी ठरवलं. वरच्या गल्लीत पहिली सही कोण करणार, सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्याला सही येत नाही. तिनं अंगठा पुढं केला, म्हणाली, "नातवाला तहान लागती, ती काय जात बघून लागती का." त्यामागं चार सह्या आल्या. दिवाळीपर्यंत दोन तोट्या बसल्या. दोन अजून बाकी आहेत, आणि मी दर सभेला उठून विचारते.

मतदार यादीचं कामही असंच जोडीनं करा, एक पोरगी इकडची, एक तिकडची. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीतून इकडं आणायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८. अठराव्या वर्षासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. यादीचं काम बघणारे बीएलओ बहुतेक गावातलीच अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात. आमच्या दोन पोरींनी घरोघर फिरून सतरा नावं भरून घेतली. कोण कुणाला मत देणार हे त्यांनी एकाही उंबऱ्यावर विचारलं नाही.

मधेच २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं, पुन्हा भोंगे, पुन्हा क्लिपा. माझ्याकडं आलेल्या मी माझ्यापाशीच पुसल्या. फळीवर डबे मात्र त्या महिन्यात कमी झाले नाहीत.

३० डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळा अमावास्या होती. आमच्याकडं येळवशीला रानात कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडतात, भज्जी, आंबील, खीर, उंडे करतात, आणि बांधावरनं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्याआधीचे दोन दिवस गिरणीला उसंत नसते. मुद्दाम गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावून ठेवली होती. २८ला संध्याकाळी लाइट आली तेव्हा फळीवर जागा नव्हती, खाली पोत्यावर डबे ठेवले होते. एक घर अजूनही येत नाही, त्यांच्याकडं मला जायचंय.

पीठ झाडून मागं वळले तर दारात आत्याची सून उभी होती, काखेत तोच झाकण चेपलेला पितळी डबा. म्हणाली, "बाजरी आहे. उंड्याला पाहिजे, जरा जाडसर दळा. आणि आत्याबाईंनी सांगितलंय, परवा रानात या."