बाप कमरेला पिस्तूल लावून शाळेच्या फाटकात आला तर

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. एका दुपारी खिचडी वाटप चालू असताना पाचवीतल्या मुलीची आई धापा टाकत आली. दाराआड उभी राहून म्हणाली, "बाई, आज पोरीला त्याच्या हवाली करू नका. कमरंला लावून निघालाय." पिस्तूल परवान्याचं होतं. फाटक लावलं, पोलिसांना बोलावलं, त्या दिवशी निभावलं. पुढच्या धावपळीत जे कळलं ते सांगते.

धोका समोर असेल तर आधी ११२. कागद नंतर.

मग कोर्ट. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात. वकील तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. अर्जात आईबरोबर मुलीलाही अर्जदार करा. आमच्याकडून पहिल्यांदा हेच राहिलं होतं. कलम १८ मध्ये शाळेत यायला मनाई करता येते, पण ती पीडित लेकराच्या शाळेत. एकट्या आईचा अर्ज असला की समोरचा वकील तिथंच बोट ठेवतो.

"संरक्षण मिळावे" एवढं मोघम लिहू नका. शाळेचं नाव, गाव, भरण्यासुटण्याची वेळ लिहा. वेगळ्या ओळीत लिहा: "सामनेवाल्याने शस्त्र जवळ बाळगू नये, ते पोलीस ठाण्यात जमा करावे." सोबत प्रतिज्ञापत्र जोडून कलम २३ खाली अंतरिम हुकूम मागा, निकालाची वाट बघायची नाही. "तो फार तापट आहे" यानं काही सिद्ध होत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणासमोर पिस्तूल काढलं, तोंडातून काय शब्द गेले, ते जसंच्या तसं लिहा. आम्ही हजेरीपटाची नक्कल जोडली. घरात तमाशा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दर वेळी, त्या लेकराच्या नावापुढे गैरहजेरी होती.

एवढ्यानं परवाना रद्द होत नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतो, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तांच्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. वेगळा अर्ज आवक-जावकला द्या, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा होतात. मग शाळेतल्या लेकरांसाठी का नाही? मी हे अर्जातच लिहिलं होतं. गावठी कट्टा असेल तर परवान्याचा विषयच नाही, सरळ कलम २५ चा गुन्हा.

हुकमाची प्रत कोर्ट मोफत देतं. एक ठाण्यात पोचली का ते स्वतः जाऊन बघा, एक शाळेत ठेवा. हुकूम मोडला तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आमच्या खिचडी करणाऱ्या मावशींना वाचता येत नव्हतं. मी त्यांना हुकूम दोनदा वाचून दाखवला, कारण सुट्टीच्या वेळी फाटकाजवळ त्याच असायच्या.