एकच रूप, निराळे अर्थ: शब्द कसा पारखावा

टॅक्सीला हात करून कोणी ‘खाली है क्या?’ असे विचारले, तर मुंबईकर गोंधळत नाही. परंतु तोच मजकूर हिंदीतून मराठीत आणताना ‘खाली’ जसाच्या तसा राहून जातो. असा शब्द पारखताना प्रथम त्याचे सगेसोयरे शोधावेत. मराठीतला ‘खाली’ हा ‘खालचा’, ‘खालावणे’ यांच्या घरातला आहे, तर हिंदीतला ‘खाली’ म्हणजे रिकामा, हा मूळचा अरबी असून ‘रुब अल् खाली’ या अरबस्तानातल्या वाळवंटाच्या नावातही तोच आहे. (मराठी तबलजी तीनतालाच्या ९व्या मात्रेला ‘खाली’ म्हणतो, तेव्हा तोही हा परका शब्दच वापरत असतो.) मूळ भिन्न आहे असे ठरले, की दोन अर्थांत दुवा शोधत बसू नये.

मूळ एकच असेल, तर काम अवघड होते. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे-शिकवणे, आणि उच्चारशास्त्राच्या वेदांगाचेही नाव तेच. हिंदीने तो अर्थ राखला, मराठीत मात्र दंडाचा अर्थ रूढ झाला. येथे तिसरी भाषा अवश्य तपासावी. कन्नडमधील ‘शिक्षे’ आणि तेलुगूतील ‘शिक्ष’ यांचाही अर्थ दंडच आहे, त्यामुळे मराठीची वाट एकाकी नाही, हे माटुंग्यातल्या एखाद्या कन्नड शेजाऱ्याला विचारूनही कळते.

त्यानंतर चुकीचा अर्थ मुद्दाम वाक्यात बसवून पाहावा. ‘शिक्षा का अधिकार’चे ‘शिक्षेचा अधिकार’ केले, तर व्याकरण मुळीच कुरकुरत नाही, उलट मास्तरांच्या हाती छडी दिल्यासारखा सुसंगत अर्थ निघतो. म्हणूनच अशा शब्दांना ‘खाली’पेक्षा अधिक जपावे. हिंदीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा असलेली ‘चेष्टा’ही त्याच जातीची.

कोश उघडावा, तो यानंतर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) शब्द संस्कृत की अरबी, हे अक्षरखुणेने दाखवलेले असते.

‘यातायात’ या शब्दावर हा सराव करून पाहावा. जाणे-येणे हा मूळ अर्थ. हिंदीत त्याची वाहतूक झाली आणि मराठीत दगदग. रोज विरार ते चर्चगेट लोकलने जाणाऱ्याला हे नाते समजावून सांगावे लागत नाही, तरीही हिंदी फलकावरचे ‘यातायात’ मराठीत आणताना तेथे ‘वाहतूक’ असेच लिहावे.