सहावी ते आठवी: चूक आठवीत दिसते, मूळ खालच्या इयत्तेत असतं

आठवीच्या मुलीला चक्रवाढ व्याज जमत नाही म्हणून तिच्याकडून चक्रवाढ व्याजाचीच वीस गणितं सोडवून घेतली जातात. विसाव्या गणितालाही तीच चूक होते, कारण अडलेलं असतं सहावीच्या शेकडेवारीत. या तीन वर्षांत विषय वाढतात, पुस्तकं जाड होतात, आणि एका विषयातला कच्चा धागा दुसऱ्याच विषयात तुटतो. भूगोलात गेलेले गुण पुष्कळदा अपूर्णांकांमुळे जातात. म्हणून घरी अभ्यास घ्यायचा असेल तर कुठल्या विषयात काय शिकवतात आणि ते कशावर उभं आहे, हे आधी माहीत हवं. इथला तपशील राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांना धरून आहे. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं बदलतो आहे, त्यामुळे धड्यांचा क्रम पुढेमागे होईल, पण हा पाया बदलत नाही.

पहिलं काम बिनखर्चाचं. बालभारतीच्या संकेतस्थळावरून मागच्या दोन्ही इयत्तांची गणिताची पुस्तकं उतरवून घ्या. मग एका रविवारी वीस मिनिटांत पुढचे पाच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायला द्या. रफ कामही त्याच कागदावर करायला सांगा आणि काहीही खोडू देऊ नका. आपल्याला गुण द्यायचे नाहीत, चूक बघायची आहे.

1/2 + 1/3 किती? उत्तर 2/5 आलं तर मुलानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. त्याच्या लेखी अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन सुट्या संख्या. त्याला विचारा, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला तर अर्धीपेक्षा कमी कशी होईल? 2/5 हे अर्ध्याहून कमी आहे हे त्याचं त्याला दिसलं की निम्मं काम झालं.

3/4 ÷ 1/8 किती? इथे 'उलटा करून गुणा' हे पाठ असतं, पण कोणाला उलटं करायचं ते विसरतं. तेच वाण्याच्या भाषेत विचारा: पाऊण किलो शेंगदाण्यांच्या 125 ग्रॅमच्या पुड्या किती होतील? सहा, हे बहुतेक मुलं तोंडी सांगतात.

0.5 मोठे की 0.25? '25 मोठे' असं उत्तर आलं तर दशांश चिन्हानंतरची संख्या मूल पूर्ण संख्येसारखी वाचतं. त्याचीच बहीण म्हणजे 2 मीटर 5 सेंटीमीटरला 2.5 मीटर लिहिणं. 2.05 का, ते टेपवर दाखवा.

−5 − 3 किती? 'मायनस मायनस प्लस' म्हणत 8 लिहिणारी मुलं वर्गात डझनभर तरी सापडतात. गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीला लावला जातो, कारण तो गाण्यासारखा पाठ झालेला असतो. पाच रुपये उधारी आहे, आणखी तीन उधार घेतले, आता किती? एवढ्यानं −8 येतं. हा प्रश्न सातवीत पक्का झाला नाही, तर आठवीतलं एकही समीकरण सुटत नाही.

शेवटचा प्रश्न: 800 चे शेकडा साडेबारा किती? उत्तर 100. इथे अडलं तर नफा-तोटा, सरळव्याज, सूट-कमिशन आणि चक्रवाढ व्याज ही सगळी रांग अडलेली आहे असं धरा.

चुकलेल्या प्रश्नाचा धडा खालच्या इयत्तेच्या पुस्तकातून काढा आणि रोज पंधरा मिनिटं, आठ-दहा दिवस तेवढंच करा. चालू धडा शाळेत होत राहील.

गणितात नवं काय येतं

सहावीत पूर्णांक, अपूर्णांकांवरच्या क्रिया, विभाज्यता, गुणोत्तर आणि शेकडेवारी. सातवीत परिमेय संख्या, घातांक, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, बैजिक राशी, पायथागोरसचा सिद्धांत. आठवीत विस्तार सूत्रे, अवयव, एकचल समीकरणे, एकरूपता, पृष्ठफळ आणि घनफळ. यात सर्वांत मोठी उडी अंकांकडून अक्षरांकडे जाण्याची.

(अ + ब)² लिहायला सांगितलं की अ² + ब² येतं. सूत्र दहा वेळा लिहून हे जात नाही, कात्रीनं जातं. 8 सेंटीमीटर बाजूचा चौरस कापा. दोन लगतच्या बाजूंवर 5 आणि 3 सेंटीमीटरवर खुणा करून आडवी-उभी रेघ मारा आणि चार तुकडे करा. 25 चा एक चौरस, 9 चा एक चौरस, आणि 15-15 चे दोन आयत उरतात. 25 आणि 9 मिळून 34 च होतात, पूर्ण कागद तर 64 चा आहे. हरवलेले 30 कुठे गेले ते मूल हातात धरून बघतं. 2अब म्हणजे हेच दोन आयत.

चक्रवाढ व्याजात गफलत वेगळी होते. 10,000 रुपये, दर 10, मुदत 2 वर्षे. सरळव्याज 2,000, चक्रवाढ 2,100. वरचे 100 म्हणजे पहिल्या वर्षीच्या 1,000 रुपये व्याजावरचं व्याज. मुलं सूत्रानं 12,100 काढतात आणि तेच व्याज म्हणून लिहून मोकळी होतात. ती रास आहे, तीतून मुद्दल वजा करायचं राहिलेलं असतं.

भूमितीत चूक डोक्याची कमी आणि कंपासपेटीची जास्त. कंपासचा स्क्रू ढिला असला की त्रिज्या कंस काढता काढता बदलते. टोक न केलेल्या पेन्सिलीनं मिलिमीटरभर जाड रेघ येते. कोनमापकावर आत-बाहेर दोन मापं असतात, म्हणून 120 अंशांच्या जागी 60 वाचले जातात. मोजण्याआधी कोन लघु की विशाल हे तोंडानं म्हणायची सवय लावा, चूक जागेवर सापडते.

भूगोल, म्हणजे वेषांतर केलेलं गणित

सहावीत अक्षवृत्तं-रेखावृत्तं, सातवीत ऋतू, वारे, भरती-ओहोटी, आठवीत स्थानिक वेळ, सागरी प्रवाह, नकाशाप्रमाण. घोकून भागेल असा हा विषय वाटतो, पण तो घोकंपट्टीचा नाही.

स्थानिक वेळेचं एक गणित बघा. भारताची प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखावृत्तावरून ठरते, मुंबई साधारण 72°50' वर आहे. वजाबाकी 9°40'. मुलाचं उत्तर 9°80' आलं तर त्यानं हातचा 100 चा घेतला. अंश-मिनिटांत हातचा 60 चा असतो. पुढे एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 9 अंशांची 36 मिनिटं, आणि उरलेल्या 40' ची 2 मिनिटं 40 सेकंद. घड्याळात बारा वाजतात तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ 11 वाजून 21 मिनिटं 20 सेकंद असते. वजा करायचं की मिळवायचं यात घोळ होतो. 'पूर्वेला सूर्य आधी उगवतो, म्हणून पूर्वेचं घड्याळ पुढे' एवढं वाक्य पुरतं. नागपूर सुमारे 79°5' वर आहे. तेच गणित नागपूरसाठी करायला लावा. दोन्ही शहरांत 25 मिनिटांचा फरक निघतो.

नकाशाप्रमाणात बृहद्, म्हणजे मोठं प्रमाण कुठलं, 1:10,000 की 1:10,00,000? मोठा आकडा बघून मुलं दुसरं सांगतात. हा अपूर्णांक आहे, छेद वाढला की किंमत कमी होते. म्हणजे पुन्हा सहावी. आणखी एक हमखास विचारलं जाणारं: नकाशाची झेरॉक्स लहान करून काढली तर शब्दप्रमाण (शब्दांत लिहिलेलं) आणि अंकप्रमाण (1:10,000 सारखं) चुकतं, रेषाप्रमाण (नकाशावर काढलेली मोजपट्टी) नकाशाबरोबरच आक्रसतं म्हणून बरोबर राहतं. पाठ करायला लावू नका. घरी खरंच एक छोटी झेरॉक्स काढून पट्टीनं मोजा.

भरतीसाठी कोकण किनाऱ्यावरचा ठोकताळा कामाचा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला 4 × 3/4 = 3, म्हणजे तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती.

विज्ञान: शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे

घरात वजन किलोत सांगतात. विज्ञानात किलोग्रॅम हे वस्तुमान आणि वजन न्यूटनमध्ये. 40 किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाचं पृथ्वीवर वजन साधारण 392 न्यूटन. कार्य, बल, दाब हे शब्दही तसेच. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा: 'घरात अर्थ' आणि 'पुस्तकात अर्थ'.

दाबाच्या गणितात सूत्र सोपं, एकक घात करतं. 50 न्यूटन बल, 100 चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळ. मीटरमध्ये 100 सेंटीमीटर म्हणून मुलं शंभरानं भागतात आणि 1 चौरस मीटर धरतात. चौरस मीटरमध्ये 10,000 चौरस सेंटीमीटर असतात, म्हणून 0.01 चौरस मीटर, आणि दाब 5,000 पास्कल.

आम्ल-आम्लारीसाठी हळदीचा कागद घरी करा. एक चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवा, टीपकागदाला किंवा साध्या पांढऱ्या कागदाला फासा, सावलीत वाळवा, बोटभर पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्यात, धुण्याच्या सोड्यात, चुन्याच्या निवळीत पट्टी लाल होते. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल पडतो, तेच हे. इथे दोन ठिकाणी फसगत होते. खाण्याच्या सोड्याला रंग फिका येतो, कारण तो सौम्य आहे, आणि मुलाला वाटतं प्रयोग बिघडला. दुसरी फसगत मोठी: लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहते आणि मिठाच्या पाण्यातही पिवळीच, मग दोन्ही सारखीच असा निष्कर्ष निघतो. हळद आम्ल ओळखत नाही. त्यासाठी आधी साबणाच्या पाण्यानं लाल केलेली पट्टी लिंबात बुडवा, ती पुन्हा पिवळी होते. नाहीतर जास्वंद घ्या. लाल जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की ते पाणी लिंबानं गडद गुलाबी आणि सोड्यानं हिरवट होतं.

इतिहास आणि नागरिकशास्त्र

सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि शिवकाल, आठवीला इंग्रज राजवट, स्वातंत्र्यलढा आणि 1 मे 1960 च्या महाराष्ट्राच्या निर्मितीपर्यंत. सनावळ्यांची भीती काढायला दोन गोष्टी पुरतात. एक, सतरावं शतक म्हणजे 1601 ते 1700. 1674 चा राज्याभिषेक म्हणून सतराव्या शतकात, सोळाव्या नाही. दुसरी, इसवी सनात शून्य वर्ष नाही. इ.स.पू. 5 ते इ.स. 5 हे अंतर 10 नव्हे, 9 वर्षांचं. गणिताच्या संख्यारेषेवर शून्य असतं, इतिहासाच्या कालरेषेवर नसतं, आणि दोन्ही रेषा मुलं एकाच वर्षी शिकतात!

'कारणे लिहा' या प्रश्नाला मुलं घटना सांगून थांबतात. तीन वाक्यांचा साचा द्या: आधी परिस्थिती काय होती, तिच्यामुळे कोणाला काय करावं लागलं, म्हणून काय घडलं. नागरिकशास्त्रात सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसद. घरपट्टीची पावती समोर ठेवा आणि ती कोणी दिली ते विचारा. आमदार-खासदार यांचा घोळ आकड्यांनी सुटतो: महाराष्ट्राचे विधानसभेत 288 आमदार, लोकसभेत 48 खासदार.

भाषा

मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ: कवी, गुरू. तेच मूल हिंदीच्या तासाला कवि, गुरु लिहितं आणि तेही बरोबर असतं. म्हणून दोन्ही वह्यांत गोंधळ होतो, त्याला निष्काळजीपणा म्हणू नका. प्रत्यय लागला की फूलचं फुलाला, गरीबचं गरिबाला होतं. तत्सम शब्दांत मात्र शरीराला, परीक्षेला दीर्घच राहतं. हिंदीत लिंगं फिरतात: आपला तो आवाज, त्यांची ती आवाज, म्हणून 'मेरा आवाज' लिहिलं जातं. शिवाय 'शिक्षा' आणि 'चेष्टा' हे शब्द हिंदीत भलताच अर्थ देतात. इंग्रजीत 'आय डिड नॉट वेंट' येतं, कारण 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ क्रियापदातच असतो. 'डिड'नं भूतकाळ घेतला, आता पुढचं क्रियापद मूळ रूपात, एवढंच सांगा.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना गणित येतं, शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही. उदाहरण आधी मराठीत सांगायला लावा, मग सोडवू द्या. 'अल्टिट्यूड' गणितात शिरोलंब आणि भूगोलात समुद्रसपाटीपासूनची उंची, अशा जोड्या वेगळ्या लिहून ठेवा.

प्रगतिपत्रक वाचताना

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक आणि संकलित 50-50 टक्के, सातवी-आठवीला 40-60. आकारिक म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असं वर्षभराचं; संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. नुसती श्रेणी बघू नका, दोन्ही भागांचे गुण शाळेतून मागून घ्या. आकारिक चांगलं आणि संकलित कमी असेल तर मुलाला येतं, पण वेळेत लिहून होत नाही. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून चार उत्तरं लिहून घ्या. उलट असेल तर आधी वह्या तपासा, काही उपक्रम द्यायचेच राहिलेले सापडतील. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं मूल्यमापन पूर्ण आकारिक असतं, त्यामुळे चाचणीच्या आठवड्यात चित्रकलेची वही बंद करून ठेवण्यानं काहीच साधत नाही.