एक्स-प्लेनमध्ये सह्याद्रीची फोटो-सीनरी: चित्राआधी उंची नीट करा

एक्स-प्लेन हा विमान उडवण्याचा सिम्युलेटर पृथ्वीचे एक अंश गुणिले एक अंश असे चौकोन (टाइल) पाडतो आणि प्रत्येक चौकोनाची एक डीएसएफ फाइल ठेवतो. या लेखात +१८+०७३ हा चौकोन घेऊ. पुणे, लोणावळा, पवना धरण, सिंहगड, रायगड आणि नवी मुंबईचा विमानतळ हे सगळे त्यातच येते. मूळ सीनरीत (सिम्युलेटरमधल्या देखाव्यात) इथे शेत, झाडी, वस्ती अशा प्रकारांची ठरावीक टेक्श्चर्स, म्हणजे पृष्ठभागाची चित्रे, पुन्हा पुन्हा अंथरलेली असतात, त्यामुळे मावळातले शेत आणि दुसऱ्या कुठल्या देशातले शेत एकसारखेच दिसू शकते. फोटो-सीनरीत (सगळे तिला ‘ऑर्थो’ म्हणतात) तीच जमीन उपग्रहाच्या किंवा विमानातून घेतलेल्या फोटोंनी झाकली जाते.

ऑर्थो४एक्सपी या मोफत प्रोग्रॅमने ही टाइल घरी बनवता येते. तयार फोल्डर उघडला की आत तीन थर दिसतात. डीएसएफमध्ये जमिनीचे त्रिकोण आणि त्यांची उंची असते, म्हणजे मेश. ‘टेरेन’ फोल्डरमधल्या टीईआर फाइली साध्या नोटपॅडमध्ये उघडतात. कुठल्या तुकड्यावर कुठले चित्र लावायचे हे त्यात चार-पाच ओळींत लिहिलेले असते. चित्रे ‘टेक्श्चर्स’ फोल्डरमध्ये डीडीएस स्वरूपात असतात. २९३४४_४६१९२_बीआय१६ अशा नावाची फाइल उघडा, त्यात खडकवासला धरण सापडेल. पहिले दोन आकडे म्हणजे नकाशाच्या जाळीतली ओळ आणि स्तंभ, ‘बीआय’ म्हणजे फोटो बिंगचा आणि १६ म्हणजे झूम लेव्हल. हे नाव वाचता आले की पुढे एखादा तुकडा बिघडला तर नेमका तोच शोधता येतो.

झूम किती ठेवायचा ते आधी ठरवा. प्रत्येक डीडीएस ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलची असते आणि डिस्कवर साधारण १०.७ एमबी जागा घेते. आपल्या अक्षांशावर झूम १६ला एक पिक्सेल म्हणजे सव्वादोन मीटर. या चौकोनाला अशी १५६ चित्रे लागतात, म्हणजे सुमारे १.६ जीबी. झूम १७ला पिक्सेल सव्वा मीटरच्या आत येतो, पण चित्रे ५७५ आणि जागा ६ जीबीच्या वर. १८ला ती पुन्हा जवळजवळ चौपट. शिवाय उडताना शेजारचे चौकोनही मेमरीत येतात आणि व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची मेमरी) कमी पडली की चित्रे धूसर होतात किंवा फ्रेम अडखळतात. म्हणून सगळा चौकोन १६वर ठेवा आणि १८ फक्त विमानतळाभोवती वापरा. त्यासाठी कॉन्फिगमध्ये ‘कव्हर एअरपोर्ट्स विथ हायरेस’ हा पर्याय आहे.

सह्याद्रीत खरी गंमत उंचीत आहे आणि बहुतेकांचे दुर्लक्ष तिथेच होते. ९० मीटरला एक बिंदू अशी उंचीची माहिती वापरली तर लोणावळ्याजवळच्या नागफणीचा सरळ तुटलेला कडा गुळगुळीत उतार होतो आणि त्यावर कड्याचा फोटो ओघळल्यासारखा ताणला जातो. झूम कितीही वाढवला तरी हे सुधारत नाही. नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर खाते उघडून एसआरटीएमची (अवकाशातून रडारने केलेल्या उंचीच्या मोजणीची) एका आर्क-सेकंदाची, म्हणजे साधारण ३० मीटरची, एन१८ई०७३.एचजीटी ही फाइल उतरवा. झिप उघडून झाल्यावर तिचा आकार बघा: २,५९,३४,४०२ बाइट असेल तर ३० मीटरची, २८,८४,८०२ असेल तर ९० मीटरची. ऑर्थो४एक्सपीच्या ‘कस्टम डीईएम’ या सेटिंगमध्ये तिचा पत्ता द्या आणि त्रिकोण किती बारीक ते ठरवणारे ‘कर्व्हेचर टॉल’ २वरून १वर आणा. त्रिकोण वाढतात, डीएसएफ जड होते, पण घाटाला धार येते.

आता बांधणी. अक्षांश १८, रेखांश ७३, प्रोव्हायडर (फोटो देणारी सेवा, उदा. बिंग) आणि झूम भरा. मग ‘असेम्बल व्हेक्टर डेटा’, ‘ट्रायँग्युलेट थ्रीडी मेश’, ‘ड्रॉ वॉटर मास्क्स’ आणि ‘बिल्ड इमेजरी/डीएसएफ’ ही चार बटणे याच क्रमाने दाबा. सगळे एकदम करणारे बटणही आहे, पण पहिल्या वेळी एकेक करा, म्हणजे अडले तर कुठे अडले ते कळते. पहिली पायरी ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशाचा सर्व्हर व्यस्त असल्याने अडकू शकते; थोड्या वेळाने पुन्हा दाबा. उंचीची फाइल किंवा सेटिंग बदलली तर पहिल्या पायरीपासून, फक्त त्रिकोणांची सेटिंग बदलली तर दुसऱ्या पायरीपासून पुढे चालवा, उतरवलेले फोटो पुन्हा उतरत नाहीत.

फोटोत रस्ते आणि घरे सपाट छापलेली असतात. त्यांच्यावर उभ्या इमारती, झाडे आणि धावणारी वाहने हवी असतील तर ‘एक्स्ट्रॅक्ट ओव्हरलेज’ चालवा; या वरच्या थराला ओव्हरले म्हणतात आणि तो मूळ सीनरीतून काढला जातो. त्याआधी ‘कस्टम ओव्हरले सोर्स’मध्ये एक्स-प्लेनच्या ग्लोबल सीनरी फोल्डरचा पत्ता हवा, आणि एक्स-प्लेनच्या इन्स्टॉलरमधून हा भाग आधी उतरवलेला हवा. नसेल तर काढायला ओव्हरलेच नसतो.

ऑर्थो टाइल आणि ओव्हरले असे दोन्ही फोल्डर एक्स-प्लेनच्या ‘कस्टम सीनरी’त ठेवा. मोठी टाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवून इथे नुसता शॉर्टकट टाकला तरी चालते. एक्स-प्लेन एकदा सुरू करून बंद करा आणि सीनरी_पॅक्स.आयएनआय ही सीनरीच्या फोल्डरांची (पॅकची) यादी असलेली फाइल उघडा. नवीन पॅक आपोआप सगळ्यात वर लिहिला जातो आणि नेमके तेच चुकीचे आहे. वरची ओळ आधी वाचली जाते. त्या चौकोनाची मेश एकदा सापडली की तिच्या खालचे काही घेतले जात नाही. म्हणून वरून खाली क्रम असा लावा: वेगळे आणलेले विमानतळ, मग ग्लोबल एअरपोर्ट्स, मग ओव्हरले, आणि तळाला ऑर्थो टाइल. लायब्ररी (इतर सीनरी वापरतात त्या वस्तूंचे संच) कुठेही असल्या तरी चालतात. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरताना टर्मिनल गायब आणि शहर फोटोपुरते सपाट दिसले, तर ही फाइल आधी तपासा. एखादा पॅक तात्पुरता बंद करायचा असेल तर त्याच्या ओळीच्या सुरुवातीचे ‘सीनरी_पॅक’ बदलून ‘सीनरी_पॅक_डिसेबल्ड’ करा, फोल्डर हलवू नका.

पांढरा किंवा एकरंगी चौकोन दिसला तर तो फोटो नीट उतरला नव्हता. त्या क्रमांकाची डीडीएस आणि ‘ऑर्थोफोटोज’मधली जेपीजी, दोन्ही पुसा आणि शेवटची पायरी पुन्हा चालवा. एकच पुसली तर जुनेच चित्र परत येते, कारण असलेली फाइल प्रोग्रॅम पुन्हा बनवत नाही. एखादी फाइल सापडत नसल्याची तक्रार एक्स-प्लेनच्या लॉग.टीएक्सटीमध्ये नावानिशी मिळते.

उलव्याला वेगळी अडचण येते. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २०००ची आहे आणि नवी मुंबई विमानतळासाठी कापलेली टेकडी त्या आकड्यांत अजून उभी आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरची धावपट्टी ओळखून ऑर्थो४एक्सपी तिथली जमीन मऊ करते, तरी उंचवटे राहिले तर ‘एपीटी स्मूदिंग पिक्स’ ८वरून १६ करून बघा.

धरणांचे पाणी हाही इथला खास प्रश्न. नकाशात पवनेचा जलाशय भरलेला असतो, फोटो मात्र बहुधा कोरड्या महिन्यातला, कारण पावसाळ्यात ढगांमुळे घाटाचे स्वच्छ फोटो मिळत नाहीत. मग काठची उघडी पडलेली माती पाण्याखाली दिसते. ऑर्थो४एक्सपीतले ‘रेशो वॉटर’ मुळात ०.२५ असते, ते ०.६च्या आसपास नेले की फोटो पुसट होतो आणि एक्स-प्लेनचे पाणी वर येते. १ केले तर फोटो पूर्ण जातो. डोंगर मात्र उन्हाळ्यातले तपकिरीच राहतात. श्रावणातला हिरवा लोहगड हवा असेल तर एखादा प्रोव्हायडर पावसाळ्यानंतर लगेच घेतलेले फोटो देतो का, ते बांधणीआधी प्रिव्ह्यूत तपासा. आणि बनवलेली टाइल स्वतःपुरती ठेवा: त्या फोटोंचे हक्क प्रोव्हायडरचे असतात, ती इतरांना वाटता येत नाही.